वानखडे सरांचा एक वाजताचा फोन

गेल्या महिन्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजातून फोन आला. ‘मॅडम, ऑडिओ सिग्नल प्रोसेसिंगमधल्या करिअरबद्दल आमच्या मुलांना तासभर सांगाल का? काय शिकायचं, सुरुवात कुठून करायची, वीस वर्षांनी माणूस कुठे पोचतो, असं.’ मी हो म्हणून बसले आणि पहिल्याच पानावर अडकले. वीस वर्षांनी माणूस कुठे पोचतो! या धंद्यात पायरी पायरीने वर गेलेला एकच माणूस मला आतून-बाहेरून ठाऊक आहे, आणि तो कुठे पोचला हे त्या मुलांना सांगायची माझी छाती झाली नाही. काहीतरी गुळमुळीत बोलून, पुष्पगुच्छ घेऊन परत आले. तेव्हापासून डोक्यात वानखडे सरच आहेत. प्रभाकर वानखडे. आहेत, हयात आहेत. पण पुण्यात नाहीत आणि फोन वापरत नाहीत.

ते अकोल्याकडचे. वडिलांचा लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा. मंगलाष्टकं सुरू झाली की भोंगा शिट्टी मारायचा, आणि माइक कुठल्या बाजूला किती वळवला की शिट्टी बंद होते हे त्यांना शाळेत असतानाच कळलं होतं. ‘माझं पुढचं सगळं शिक्षण म्हणजे ती शिट्टी का बंद झाली हे समजून घेणं,’ असं ते म्हणायचे. अमरावतीला इंजिनिअरिंग, मग भोसरीत ॲम्प्लिफायरच्या कारखान्यात नोकरी, तिथे असतानाच संध्याकाळी कॉम्प्युटरचं शिक्षण, आणि शेवटी बाणेरला आमच्या कंपनीत. आमचं काम एका ओळीत सांगायचं तर फोनवर बोलणाऱ्या माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीचा गोंगाट काढून टाकायचा. त्यात वानखडे सरांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मी तिथे टेस्टिंगला. म्हणजे कानाला हेडफोन लावून दिवसभर ऐकायचं आणि आवाज किती साफ झाला याला पाचपैकी गुण द्यायचे. माझी मुलाखत त्यांनीच घेतली. सर्टिफिकेटांची फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, ‘पाच मिनिटं गप्प बसू. मग तुम्ही काय ऐकलं ते सांगा.’ मी पंखा, लिफ्ट, शेजारच्या खोलीतला कीबोर्ड, लांबचा हॉर्न, असं सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘माझ्या पोटात कावळे ओरडले ते राहिलं.’ मी म्हटलं, ‘ऐकलं होतं. सभ्यता म्हणून सांगितलं नाही.’ त्यावर ते जे हसले ते मला अजून दिसतं. जाताना म्हणाले, ‘इथे सभ्यता ठेवू नका, मॅडम. ऐकलं ते सांगायचं.’ मी सहकारनगरात वाढलेली. कुणाला उगाच बरं वाटावं म्हणून बोलायची आमच्याकडे पद्धतच नाही. मला नोकरी आवडली.

गोंगाट काढून टाकणारा हा माणूस गोंगाटाच्या प्रेमात होता. शनिवारी सुट्टी असली की छोटा रेकॉर्डर घेऊन निघायचे. स्वारगेटला कंडक्टरच्या आरोळ्या, मंडईत भाजीवाल्यांचं भांडण, खडकवासल्याला कणीस भाजणाऱ्या बाईचा पंखा, लग्नाचा बँड, मिक्सर, कुकर. ‘ज्याला घराबाहेर काढायचं त्याची आधी नीट ओळख पाहिजे ना,’ म्हणायचे. जमवलेल्या प्रत्येक आवाजाला नाव आणि जागा लिहून ठेवलेली. एकदा पोलिसांनी हटकलं, काय रेकॉर्ड करताय म्हणून. यांनी सांगितलं, ‘ट्रॅफिक.’ पोलीस म्हणाला, ‘अहो काका, ते फुकट ऐकायला मिळतं की, घरी कशाला नेता?’ हा किस्सा ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, आणि दर वेळी पोलिसाचं वाक्य अधिकाधिक पुणेरी होत जायचं.

डबा मात्र बरोबर साडेबाराला, आणि एक वाजता मायला फोन. आईला ते माय म्हणत. माय गावी एकटी राहायची. वडील गेल्यावर पुण्याला आणलं होतं एकदा, येरवड्याच्या फ्लॅटवर. आठ दिवसांत म्हणाली, ‘इथं लोकं दारं लावून काहून बसतात रे बावा?’ आणि परत गेली. सरांची बहीण शोभाताई अकोल्याला असायची, ती महिन्यातून एकदा चक्कर मारायची. तिचं एकच पालुपद, दादा, मायला आता एकटं ठेवू नको. सरांचं उत्तरही ठरलेलं. ‘रोज बोलतो मी तिच्याशी. आवाज ठणठणीत आहे. तुम्ही थर्मामीटर लावता, मी कान लावतो. काही बिघडलं तर सगळ्यात आधी मला कळेल.’ आणि ते खोटं नव्हतं. एकदा नुसत्या ‘हाव’वरून, म्हणजे आपल्या ‘हो’वरून, त्यांनी ओळखलं होतं की मायची दाढ दुखतेय. आम्हा सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक!

मायच्या घराला लागूनच पिठाची गिरणी. फोनवर बोलायला लागली की गिरणीच ऐकू यायची. म्हणून सरांनी आमचं सॉफ्टवेअर तिच्या फोनमध्ये घालून दिलं. पहिल्या दिवशी गिरणी गायब झाली आणि माय एकटी बोलली, तेव्हा हा पन्नाशीचा माणूस लॅबमध्ये नाचला होता. त्यानंतर प्रथाच पडली. नवीन व्हर्जन तयार झालं की आधी मायच्या फोनवर. ‘माय पास, व्हर्जन पास.’ मी चिडायचे. म्हणायचे, ‘मग मला पगार कशाचा देता? माउलींनाच द्या.’ चाचणीचा फोन असल्यामुळे तिच्या बाजूचं बोलणं दोन प्रकारे साठायचं, आधी जसंच्या तसं, मग साफ झालेलं. ते आम्ही टेस्टिंगवाले ऐकतो हे तिला सांगून ठेवलं होतं. ‘आयकू द्या ना त्याहिले, काय चोरी आहे?’ म्हणाली म्हणे.

मग साथीची ती दोन-तीन वर्षं आली, सगळे घरून काम करू लागले आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींचं रूपच बदललं. पंखा, हॉर्न यांचं कुणाला काही नव्हतं. मीटिंगमध्ये लोकांचा खोकला ऐकू येतो, श्वास ऐकू येतो, धाप ऐकू येते, ते काढा. सरांना पहिल्यांदा पटलं नाही. ‘श्वास म्हणजे गोंगाट आहे का?’ असं त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं. मॅनेजर म्हणाले, ‘कस्टमर म्हणतो ना, मग आहे.’ आता या कामाची रीत अशी, की मशीनला जे काढायला शिकवायचं त्याचे हजारो नमुने आधी ऐकवावे लागतात. खोकल्याचे मिळाले. धापेचे कुठून आणायचे? सरांनीच युक्ती काढली. ऑफिस उघडल्यावर सगळ्या टीमने सहा मजले जिना चढायचा आणि वर माइकपुढे उभं राहून धापा टाकायच्या.

काय तो आठवडा! आमचे जाडे अकाउंटंट साहेब चौथ्या मजल्यावरच बसले, तर सर माइक घेऊन खाली धावले, ‘साहेब, बोलू नका, वाया जाईल!’ मी रोज तीनदा चढायचे. सर प्रत्येकाच्या धापेला नाव द्यायचे. माझ्या धापेचं नाव होतं ‘रागावलेली’. इतकं हसलो आम्ही त्या दिवसांत. तीन महिन्यांत मशीन तयार झालं. समोरचा माणूस डोंगर चढून आला तरी फोनवर आरामखुर्चीत बसून बोलतोय असं वाटावं. कंपनीत पेढे वाटले. सरांना बढती मिळाली, दारावर ‘मुख्य शास्त्रज्ञ’ अशी पाटी लागली. आणि रिवाजाप्रमाणे नवीन व्हर्जन आधी मायच्या फोनवर गेलं.

पुढचं मी पटकन सांगते. रेंगाळून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

पाच-सहा आठवडे गेले. रोज एक वाजता फोन चालू होता. जेवली का माय, जेवली. बरी आहेस ना, मी बरी आहो. शोभाताईच्या घरी आजारपण होतं म्हणून तिला दोन महिने गावी जाता आलं नव्हतं. ती गेली तर माय ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली, पाय सुजलेले, न्हाणीघरापर्यंत चालायचं तर दोनदा थांबावं लागत होतं. अकोल्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. हृदय थकलं होतं, फुप्फुसात पाणी झालं होतं. सर पोचले तेव्हा शुद्ध नव्हती. चार दिवसांत गेली. डॉक्टर वाईट नव्हते, पण त्यांनी विचारायचं ते विचारलंच. ‘ही धाप महिनाभर तरी असणार. बघायला कुणी नव्हतं हे समजू शकतो. पण फोनवरसुद्धा कुणाला जाणवलं नाही?’

शोभाताईने सरांकडे बघितलं. ते मला तिनेच नंतर सांगितलं.

पंधरा दिवसांनी सर ऑफिसात आले, डोकं भादरलेलं. दुपारी मीटिंग मागितली आणि शांतपणे म्हणाले, ‘श्वास काढायचा नाही. काढायचाच असेल तर ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, की काढलाय.’ मॅनेजर तसे मऊ माणूस. म्हणाले, ‘सर, तुमचं दुःख आम्ही समजतो. पण त्यासाठीच तर लोकांनी आपलं सॉफ्टवेअर घेतलंय.’ सरांनी वाद घातला नाही. मी इतक्या वर्षांत त्यांना आवाजावरून हार मानताना पाहिलं नव्हतं. उठताना एवढंच म्हणाले, ‘गिरणी काढली तिथंच थांबायला पाहिजे होतं मी.’ दुसऱ्या दिवशी एका ओळीचा राजीनामा आला.

आता माझं सांगते. हे टाळता येत नाही.

मायच्या फोनवरचं ते बोलणं मी ऐकलं होतं. जसंच्या तसं आणि साफ केलेलं, दोन्ही. माझ्यापुढे नमुन्यांना नावं नसतात, नुसते आकडे असतात. पण आवाज कुणाचा ते पहिल्या शब्दालाच कळलं होतं, गिरणीच्या घरघरीत दुसरं कोण तसं ‘मी बरी आहो’ म्हणणार? मला धाप ऐकू आली होती. चांगली लांब, ओढून घेतलेली धाप. मला काय वाटलं? वाटलं, बाई अंगण झाडून आल्या असतील. छे, हे आत्ता जोडतेय मी. मला काहीच वाटलं नाही. मला नमुना दिसला. साफ केलेल्या आवाजाला मी पाचपैकी पाच गुण दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘धाप भरपूर, तरी एकदम स्वच्छ. फारच छान नमुना.’ शब्द माझे आहेत. बदलता येत नाहीत.

तीन महिने मी हे पोटात ठेवून होते. मग एका रविवारी दुपारी स्वारगेटवरून बस धरली आणि येरवड्याला निघाले. जाऊन सांगून टाकायचं. आणि त्यांनी विचारलं असतं, की कसं होतं ते, तर काय बोलायचं तेही ठरवलं होतं. म्हणायचं, तुमची आई फोन बाजूला धरून श्वास घ्यायची, मग फोन तोंडाशी आणून बोलायची. तुम्हाला कळू नये म्हणून. आयांचं असतंच तसं. हे ऐकून माणसाला बरं वाटेल. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला बरं वाटावं म्हणून वाक्य तयार केलं होतं, आणि पूल ओलांडेपर्यंत ते पाठ झालं होतं.

दार वहिनींनी उघडलं. घरात खोकी बांधलेली. ‘गावी चाललोत आम्ही,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘इथं ते कोणाशी बोलतच नाहीत. तुम्ही आलात, बरं झालं.’ सर आतल्या खोलीत टेबलाशी बसले होते. केस आले होते, पण पांढरे. मी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शेरासुद्धा.

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘तो अहवाल मीच वाचून सही केली होती. “धाप भरपूर” वाचलं, आणि मला वाटलं, जिन्यातली असेल. तुमच्या कानावर माझा भरवसा होता, म्हणून मी स्वतः ऐकलं नाही.’

मला रडूच फुटलं. अहो, रागवा तरी, म्हटलं. ओरडा माझ्यावर. ते उठले, पाणी आणून दिलं, पुन्हा बसले. टेबलावर हेडफोन होते आणि कॉम्प्युटरवर सदतीस फाइलींची यादी उघडी होती. मला ती यादी ओळखू आली. मायचे शेवटचे फोन, साफ न केलेले.

‘अजून एकही उघडली नाही मी,’ ते म्हणाले. ‘हिंमत होत नाही. सगळे मला एकच सांगतात. शोभा सांगते, ही सांगते, सगळं गाव सांगतं. माय तुझ्यापासून लपवत होती, मग तू काय करणार? त्यांना वाटतं, मला बरं वाटेल. मॅडम, मला तेच तर सहन होत नाही. सगळं सांगायची हो ती मला. दाढ दुखली तर दाढ, शेजारणीशी भांडली तर भांडण. शेवटी काहून लपवलं? मी असा काय परका झालो होतो तिला?’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुम्ही ऐकलंय. मला एवढंच सांगा. माय फोन बाजूला धरत होती का?’

हो म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर होतं.

‘नाही,’ मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

‘फोन तोंडाशीच असायचा. “मी बरी आहो” म्हणायच्या आणि थांबायच्या. आठ-दहा सेकंद. तेवढा वेळ नुसती धाप, सर. तुम्ही काहीतरी विचाराल म्हणून थांबल्यासारख्या. आणि मग तुम्ही म्हणायचात, “ठेवू का माय?” तुमचा आवाज त्यांच्या फोनमधून बारीक यायचा.’

‘माझ्याकडे त्या जागी काही नव्हतं,’ ते म्हणाले. ‘कोरं होतं. मला वाटायचं, हिला आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. म्हातारी झाली.’

‘एका दिवशी त्या म्हणाल्या…’

‘तुले तं समदं आयकू येते, मी काय सांगू,’ त्यांनी पुरं केलं. ‘ते आलं होतं माझ्यापर्यंत. शब्द सगळे येत होते ना. मी हसलो होतो तेव्हा. वाटलं, माय कौतुक करून रायली.’

त्यांनी मान खाली घातली. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, मी या माणसाला आत्ता संपवलं. सभ्यता ठेवायला काय हरकत होती, एक दिवस? पण सरांनी मान वर केली, तर चेहऱ्यावर काहीतरी निराळंच होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

‘म्हणजे लपवलं नाही तिनं,’ ते म्हणाले. वहिनींकडे वळून पुन्हा म्हणाले, ‘ऐकलं का, मायनं लपवलं नाही माझ्यापासून. ती सांगत होती.’

मग त्यांनी हेडफोन उचलले. मला वाटलं, नुसते बाजूला ठेवताहेत. त्यांनी ते कानाला लावले आणि यादीतली पहिली फाइल उघडली. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. ते हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे ताठ बसून ऐकत होते. मी वहिनींना खुणेनेच जाते म्हटलं आणि बाहेरच्या खोलीत आले. खोक्यांमधून वाट काढत चपला शोधत होते, तेवढ्यात आतून त्यांचा आवाज आला. पुण्यात कधी कुणाशी बोलले नसतील त्या बोलीत ते बोलत होते, अगदी सावकाश, मधे मधे थांबून.

‘काय होते माय तुले?… धाप लागते काय?… कधीपासून लागते?… थांब, बोलू नको तू. बसून राय. मी निघालो.’